पदरचं वाक्य

ता. ३ जाने., सोमवार

सुरत सोडली. मुकादम म्हणाला, दहा दिवस गेलास तर परत येऊ नको. म्हटलं, न्हाई येत. तीन वर्षांत हे चौथं काम सुटलं. कापड रंगवायच्या डाईंगमधून बाहेर पडलो पण हात निळेच. साबणानं जात न्हाई ते.

मेटॅडोरमध्ये आठ जण. पुढं पास्टर थॉमस. केरळचे, हिंदी बोलतात, मराठीचं एक अक्षर न्हाई. (आता नुसतं पा. लिहीन, हात दुखतो.) मला कावीळ झाली तेव्हा खोलीवर येऊन पेज पाजणारे हेच. तेव्हापासून त्यांच्या प्रार्थनेला जाऊन राहिलो. वही पण त्यांनीच दिली, रोज लिही म्हणाले. सातवी नापास माणसानं काय लिहावं.

काम असं: किल्लारीकडं भूकंपातली माणसं पत्र्याच्या शेडांत राहतात, तिथं ब्लँकेटं वाटायची, दवापाणी करायचं अन् प्रभूचं सांगायचं. दवापाणी लिलीसिस्टरकडं, त्या नर्स आहेत. पा. हिंदीत बोलणार, मी त्याचं मराठी करणार. पा. म्हणाले, तुझ्याशिवाय आम्ही तिथं मुके. असं मला आजवर कोणी म्हटलं न्हाई. रस्ताभर तेच डोक्यात.

घर उमरीला. लातूरहून एस.टी.नं जाता येतं. कळवलं न्हाई. आईला माझं प्रार्थनेचं ठाऊक न्हाई.

ता. ५, बुधवार

मुक्काम लातुरात, एका बोर्डिंगच्या दोन खोल्या. बाकी सगळ्या खोल्यांत बारावीची पोरं. उदगीरची, देगलूरची, किनवटची सुद्धा. पहाटेच ट्यूशनला पळतात. भिंतीला चिरा गेल्यात, त्यावर फॉर्म्युल्याचे कागद चिकटवलेत. मालक वर तिसरा मजला चढवून राहिला. भीती न्हाई वाटत का विचारलं. म्हणाला, भूकंप एकदा येतो, ॲडमिशन दरसाल.

मग तिकडं गेलो. मेटॅडोर थांबली. नुसते दगड. मी ड्रायव्हरला विचारलं गाव अजून किती लांब. तो म्हणाला, गावातच उभे आहोत.



एक लिहून ठेवतो. ढिगाऱ्यातून आता सरळ पलीकडं जाता येतं, मधे काहीच उभं न्हाई. पण माणसं जुन्या गल्लीनंच चालतात. वळण येतं तिथं वळतात. एक म्हातारा डोक्यावर सरपण घेऊन चालला होता, तो एका जागी वाकला. तिथं काहीच नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला वेशीची कमान होती तिथं.

ता. ६, गुरुवार

शेडांची वस्ती गावापासून थोडी दूर, माळावर. आमची पहिलीच चूक लई मोठी झाली. भजनाला आणलेला मोठा ढोल आमच्यातल्या एकानं जोरात वाजवला. पत्रे थरथरले. सगळ्या शेडांतून माणसं बाहेर पळाली. एक बाई हातातली परात टाकून पळाली अन् मग मधेच थांबून मागं पाहू लागली. परत फिरली, दारापर्यंत गेली अन् खाली बसली. आतून बाहेर काढायला कोणी नव्हतंच तिचं.

पा.नी ढोल गाडीत ठेवायला लावला. सगळ्यांसमोर हात जोडले. मला म्हणाले सांग त्यांना, माफ करा. मी सांगितलं.

किसनमामा म्हणून एक म्हातारा आहे, वस्तीत सगळे त्याचं ऐकतात. तो म्हणाला, तुमी कितवे आलाव ते आता ध्येनात न्हाई. एक जन पोथी देऊन गेला, एक जन माळ, एक जन उनावर चालनारी चूल. चूल काय चालना. मग माझं नाव विचारलं. मारोती म्हटल्यावर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मामा म्हणाला, नाव मारोती अन् गाऱ्हानं येशूचं. बस, च्या पी.

बोलण्यावरून ओळखलं मी नांदेडकडचा. हे लोक व्हय म्हणतात, आम्ही हाव.

लिलीसिस्टरच्या रांगेत बाया अंगदुखीचं सांगायला येतात अन् शेवटी एकच विचारतात, फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन झालंय, ते उघडता येतं का. सिस्टरनं चार वेळा मला बोलावलं मराठी करायला. मी मान खाली घालून केलं. लेकरं झाली म्हणून ऑपरेशन करून घेतलं होतं. आता लेकरं न्हाईत.

ता. ७, शुक्रवार

आज लई बरं वाटून राहिलं. लिहूनच ठेवतो.

दुपारी शेडांमधल्या मोकळ्या जागेत सभा. पा.नी जुन्या काळातल्या एका वांझ बाईची गोष्ट सांगितली. देवळात जाऊन रडायची, ओठ हलायचे पण आवाज न्हाई. पुजाऱ्याला वाटलं पिऊन आली. पण देवानं ऐकलं, तिला लेकरू झालं. पा. एक वाक्य बोलायचे अन् थांबायचे, मी मराठी करायचो. शेवटी म्हणाले, ‘उसके लिए कुछ भी कठिन नहीं.’ ते पण केलं. पा.नी डोळे मिटले. गोष्ट संपली.

मी न्हाई थांबलो. समोर एवढ्या बाया, अन् एकीच्यापण मांडीवर लेकरू न्हाई, एक लेकरू रडत न्हाई की धावत न्हाई. सगळ्या माझ्या तोंडाकडं पाहून राहिलेल्या. आलं ते बोललो. म्हटलं, बायांनो, जी कूस बंद केली तीपण तो उघडतो. पुढच्या साली ह्याच दिवसांत पाळणा बांधाल.

मग एक बाई उठली, पुढं आली अन् माझ्या पाया पडली. पंचविशीची असंल. तिच्या मागून आणखी दोघी. मला काटा आला अंगावर. सुरतेत मला ‘ए मराठी’ म्हणतात, तीन वर्षांत माझं नाव कोणी विचारलं न्हाई.

गाडीत पा.नी विचारलं, शेवटी काय म्हणालास, त्या इतक्या रडल्या? म्हटलं, तुम्ही म्हणालात तेच.

ता. ८, शनिवार

ती कालची बाई आली. कमल नाव. मी आक्का म्हणतो. म्हणाली डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. पा. रांगेत ब्लँकेटं देत होते, म्हणाले तूच कर. केली.

तिची तीन लेकरं. दोन पोरं, एक पोरगी. भूकंपाच्या पहाटे म्हैस दावं तोडून राहिली म्हणून ही बाहेर आली. नवरा भानुदास शेतात वस्तीला. म्हशीला हात लावते न लावते तोच... तिनं एवढंच सांगितलं. पुढं म्हशीचंच सांगत राहिली, की तेव्हापासून अर्धंच दूध देते.

ऑपरेशन पोरगी झाल्यावर शिबिरात झालं. सासू वाचली, जिजाबाई. सासूचं म्हणणं घराला वंश पाहिजे, निलंग्याकडची एक पोरगी बघून ठेवलीय भानुदासला. कमलआक्कानं दुसरीला वाढायचं, दुसरीची लेकरं सांभाळायची. भानुदास काहीच बोलत न्हाई. त्या दिवसापासून तो कशालाच बोलत न्हाई म्हणे.

म्हणाली, तुमच्या बोलन्यानं जीव आला बगा.

मला पण.

ता. ९, रविवार

कसं लिहू. सकाळी जिजाबाईनं मला बोलावलं. म्हातारी ताठ, आवाज खणखणीत. म्हणाली, कुनाचा का देव असंना, चार मानसांत बोलला तर आपुन ऐकावं. कमळी म्हनाली एक साल थांबा. थांबते. पुढच्या साली ह्या दिवसापत्तर. मग मी म्हनल ते तिनं ऐकायचं. निलंग्याला निरोप धाडला, सध्या न्हाई म्हणून.

मी खुश. मग कमलआक्का म्हणाली तिच्याकडं एक चिठ्ठी होती. लातूरच्या एका दवाखान्यात बाहेरचे डॉक्टर आलेत, बंद केलेलं ऑपरेशन उघडून देतात. बुधवारी १२ तारखेला तिचं नाव लागलं होतं. भानुदासची सही पण झालेली.

‘मग?’ मी म्हटलं.

‘ती शांताला दिली. तिचं नाव मागच्या यादीत हाय, कवा यील कोन जाने. मला तर देवानंच सांगितलंय, मग मी कशाला जागा आडवू.’

शांता शेजारच्या शेडमधली. तिची पण तीन गेली.

लिलीसिस्टरला सांगितलं. त्या म्हणाल्या, तू काय बोललास त्या दिवशी? मी सांगितलं. त्या म्हणाल्या नळी बांधली की बांधली, सोडल्याशिवाय काही होत न्हाई. सोडून पण सगळ्यांना होत न्हाई, पण न सोडता तर... अन् हे डॉक्टर राहणार न्हाईत.

मला नळीचं नीट कळलं न्हाई. बोर्डिंगवर आल्यावर एका बारावीच्या पोराला विचारलं. त्यानं हसून पुस्तक काढलं. चित्र दाखवलं, बैलाच्या शिंगांसारखं दोन्हीकडं. म्हणाला इथं बांधतात. इकडून इकडं काही जाऊच शकत न्हाई. परीक्षेला हमखास येतं हे, काका.

मला काका म्हणाला. मी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

ता. १०, सोमवार

पा.ना सांगितलं. सगळं. खोटं बोललो ते पण. ते खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं.

म्हणाले, मी एका बाईचं सांगितलं, देवानं तिचं ऐकलं. तारीख मी दिली न्हाई. देवाच्या नावानं तारीख देणारा मी कोण? मग म्हणाले, पण चूक माझीपण आहे. मी डोळे मिटून बसलो. त्या रडल्या, मला वाटलं आत्मा आला. मला भाषा येत न्हाई तिथं मी बोलायला आलो.

लिलीसिस्टर म्हणाल्या आजच्या आज तिला सांगा. पा.ना भीती वाटून राहिली की तिची श्रद्धाच मोडंल. दोघांचं बरंच झालं. शेवटी पा. मला म्हणाले, तू घातलंस, तूच काढ. मी आलो तर ती माझ्याकडं बघत बसंल, साहेब म्हणून.

रात्रभर स्वतःशीच म्हटलं ‘सांगतो, सांगतो’. खरं सांगितलं तर निलंग्याची पोरगी येणार. न्हाई सांगितलं तर डॉक्टर जाणार.

ता. ११, मंगळवार

कमलआक्का शेडमागं गोवऱ्या थापत होती. मी उभ्यानंच बोललो. ‘आक्का, ते पाळण्याचं पास्टर बोललेच न्हाईत. ते मी पदरचं घातलं.’

तिनं गोवरी पूर्ण थापली. हात बादलीत बुडवला. ‘ठावं हाय मला.’

मला कळेना.

‘त्या सायबाचं तर कवाच सपलं व्हतं. डोळे झाकून बसला व्हता त्यो. तू एकलाच बोलायलास. मी तवाच म्हनलं, हे सायबाचं न्हाई. त्यो शिकून आलाय, गावोगाव तेच सांगत असंल. तुला कुनी शिकीवलं? मग तुझ्या तोंडात कुटनं आलं?’

म्हटलं, घमेंडीतून आलं आक्का. तुम्ही सगळ्या माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या, त्यानं मला चढलं.

‘घमेंडखोराच्या तोंडून देव बोलत न्हाई, असं हाय का कुटं?’

मी काडी घेतली, मातीत ते शिंगांचं चित्र काढलं. इथं बांधलेलं, इकडून इकडं काही जात न्हाई. माझं तोंड तापून लाल. ती बघत राहिली अन् एकदम हसली. आल्यापासून तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. ‘बाईच्या पोटात काय असतं ते ह्यो मला सांगायलाय. लगीन तरी झालं का रं तुझं?’

मग हसणं थांबलं. चित्राकडं पाहून म्हणाली, ‘समद्या बाजूनं बंद?’

‘हाव.’

मी म्हटलं चिठ्ठी परत घ्या, शांताबाईला मी समजावतो. ती म्हणाली, शांता सकाळपासून जेवली न्हाई. उद्या पोट साफ पाहिजे म्हणून. तिला कुणी सांगितलं पण न्हाई उपाशी राहायला, आपणहून राहिलीय. ‘तिच्याकडनं माघारी घेऊ व्हय? तूच जा अन् घे.’

मी शांताबाईच्या दारापर्यंत गेलो. ती केस विंचरत होती, नवरा आरसा धरून उभा होता. परत फिरलो.

कमलआक्का म्हणाली, ‘म्हातारीम्होरं तोंड उघडू नको. उघडलंस तर उद्याच निलंग्याला मानूस जाईल. एक साल मिळालंय मला. खोट्यानं का हुईना.’

म्हणजे आता खोटं मला रोज बोलावं लागंल. गप बसून.

ता. १२, बुधवार

मेटॅडोरनं सगळे दवाखान्यात. शांताबाई, तिचा नवरा, कमलआक्का, लिलीसिस्टर, मी. ठरवलं की कमलआक्कासाठी दुसरी चिठ्ठी मागायची, हातापाया पडायचं.

व्हरांड्यात बाया भिंतीला टेकून ओळीनं. कोणी कोणाशी बोलत न्हाई. नाव पुकारलं, ‘कमल भानुदास’. शांताबाई उठली अन् आत गेली.

माझ्या तेव्हाही ध्यानात आलं न्हाई. खिडकीवरच्या माणसाजवळ गेलो, म्हटलं आमच्या बाईला तारीख द्या. नाव? कमल भानुदास. त्यानं रजिस्टर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ‘ती तर आता आत गेली की.’

चिठ्ठीवर नाव कमलआक्काचं. सही भानुदासची. शांताबाईनं जशी दिली तशीच नेऊन दाखवली. त्यांना वाटलं चिठ्ठी म्हणजे एस.टी.चं तिकीट, ज्याच्या हातात तो बसला. दोघींना वाटलं. मला पण वाटलं होतं.

सांगितलं तर शांताबाईला टेबलावरून उठवतील. न सांगितलं तर कागदावर कमलआक्काचं ऑपरेशन झालं, तिला परत तारीख कुठली. लिलीसिस्टरनं माझा दंड धरला, इतका घट्ट की अजून दुखतो. आत दरवाजा लागला.

मी म्हटलं, चुकलं साहेब. शांताचं विचारायचं होतं. त्यानं पान उलटलं. शांता मागच्या यादीत आहे. डॉक्टर परत आले तर यादी बोर्डावर लावू.

आले तर.

बाहेर बाकावर कमलआक्काला सांगितलं. म्हणाली, ‘बरं झालं. आता मी शांता.’

संध्याकाळी शांताबाई शुद्धीवर आली तेव्हा तिच्या नवऱ्याला आत सोडेनात. कमलचा नवरा कुठंय म्हणे. शेवटी तो भाऊ म्हणून आत गेला.

ता. १३, गुरुवार

मेटॅडोर सुरतेला गेली. मी न्हाई गेलो.

पा. म्हणाले राहा. डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना मल्याळममध्ये केली. काय म्हणाले ते मला कळलं न्हाई अन् मी विचारलं न्हाई. लिलीसिस्टरनं पत्ता लिहून दिला, कळव म्हणाल्या.

बोर्डिंगच्या खानावळीत काम लागलं. पोळ्या लाटणं, वाढणं. पोरं ताटावर बसून पण वही वाचतात.

ता. २४ जाने., सोमवार

दर सोमवारी दवाखान्यात जाऊन बोर्ड पाहतो. आज पण न्हाई. खिडकीवरचा आता ओळखतो, लांबूनच मान हलवतो.

शांताबाईचे टाके सुटले. कमल म्हणूनच घरी सोडलं तिला.

आईला पत्र लिहिलं. लातुरात आहे एवढंच. बाकी लिहिता येईना.

ता. ९ फेब्रु., बुधवार

प्रार्थनेला बसतो पण काय मागावं कळत न्हाई. तिला दिवस जावेत म्हणून मागितलं तर वाटतं, मी स्वतःलाच खरं करून मागून राहिलो. यादी लागू दे म्हणून मागतो. तेवढंच.

किसनमामा बाजाराला आला होता. म्हणाला काय मारोती, येशू सोडून पोळ्या लाटायलास? बसवून जेवू घातलं. वस्तीतलं विचारलं. म्हणाला जिजाबाई सुनेला आता जड उचलू देत न्हाई. का ते बायांचं बायांना ठावं.

मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

ता. २५ फेब्रु., शुक्रवार

यादी लागली! डॉक्टर दोन दिवसांसाठी परत आलेत. पाचवं नाव शांता. सोमवारी २८ तारखेला, सकाळी आठला हजर. मालक जाऊ देईना. पोळपाट तसाच ठेवून निघालो. शेवटची गाडी चुकली. उद्या.

ता. २६, शनिवार

जिजाबाई दारातच. ‘ये रं मारोती. तुझ्या देवाचं नारळ बाकी हाय आमच्याकडं.’ एवढी हसून कधी बोलली नव्हती. आत कमलआक्का पाटावर बसलेली, पुढं ताट, सासू वाढून राहिलेली. भानुदास बाहेर म्हशीला पाणी दाखवत होता. मला पाहून म्हणाला, ‘आलास का.’ त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

कमलआक्काला शेडमागं गाठलं. यादीचं सांगितलं. ती मग म्हणाली, दोन महिने झाले, न्हाणं न्हाई.

म्हटलं, उलट्या वगैरे? म्हणाली काईच न्हाई. नुसतं न्हाई.

मी तडक शांताबाईकडं. असलं बाईमाणसाला विचारायची पाळी आली माझ्यावर. ती म्हणाली, ‘भूकंपानंतर माजंबी तीन महिने बंद व्हतं. किती जनींचं बंद व्हतं. धसक्यानं व्हतं तसं. मग येतं.’ मग म्हणाली, ‘न्हाईतर असंलबी. तू बोलला व्हतास ना.’

परत कमलआक्काकडं. म्हटलं सोमवारी या, तिथं लघवी तपासतात, लगेच कळतं. असलं तर देवाची कृपा, नसलं तर ऑपरेशन करून घेता येईल. दोन्हीकडून तुमचंच भलं.

‘न्हाई म्हनले तर?’

‘तर ऑपरेशन.’

‘ऑपरेशन कुनाचं? शांताचं. चार दिस घराबाहेर राहिले की म्हातारीला कळंल, पोटात काई न्हाई म्हनून. साल कुटं सपतंय मग, त्याच दिशी सपलं. अन् ऑपरेशन करून झालंच न्हाई तर?’ ती सावकाश बोलत होती, सगळं आधीच घोळवून ठेवलेलं. ‘पोटात हाय का न्हाई मला ठावं न्हाई, भाऊ. पन घरात पैली भाकर मला वाढायलेत. मालक बोलायला लागलाय. रातीला मला विचारलं, पोरीचं नाव पैलंच ठेवायचं का.’



‘तू सांग, येऊ का नको?’ म्हणाली. ‘तवा न विचारता सांगितलंस. आता विचारायले तर सांग.’

तोंड उघडलं. एक शब्द आला न्हाई. खरंच न्हाई आला. ती उठून गेली.

गाडी सुटायच्या आधी मागं पाहिलं तर जिजाबाई तिच्या हातातली घागर काढून घेत होती.

ता. २८, सोमवार

दवाखान्याच्या फाटकाशी बसून लिहितो. सात वाजल्यापासून इथंच. पहिली गाडी आली, तिच्यातून वस्तीतल्या दोघी उतरल्या, यादीतल्याच. त्यांना विचारलं. म्हणाल्या कमळी दारात उभी व्हती, आमाला बगितलं, आत गेली. कपडे बदलायला गेली का तशीच गेली, त्यांना सांगता येईना.

व्हरांडा भरला. परत तसंच, भिंतीला टेकून ओळीनं.

आठ वाजले. पहिलं नाव. दुसरं. तिसरीला आतूनच परत पाठवली, का ते कळलं न्हाई, ती रडत न्हाई की हसत न्हाई, फाटकातून निघून गेली.

पाचवं पुकारलं. शांता. कोणी उठलं न्हाई. परत पुकारलं. मी उभा राहिलो, हात वर केला, म्हटलं, ‘येऊन राहिली ती, रस्त्यात आहे.’

खिडकीवरचा म्हणाला, शेवटी घेतो, दहापर्यंत.

हे पण मीच बोललो. तिनं काही सांगितलं नव्हतं.

दुसरी गाडी साडेनवाला येते. सव्वानऊ झालेत. फाटकाबाहेर येऊन उभा आहे, इथून स्टँडाचा रस्ता वळणापर्यंत दिसतो.